जरा, चांगदेव आणि पुंडलिक

एक शंका मांडतो. ती माझ्याच घरात उठली आणि गेले वर्षभर तिने मला स्वस्थ बसू दिले नाही. शंका अशी : म्हातारपण हे देहाला लागलेलेच आहे. ते का येते, कसे येते, ते लांबवता येईल काय, याचा शोध घेणे हा धर्म की अधर्म? माळ घातलेल्या माणसाने याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे?

माझे वय शहात्तर. आळंदीला चार वर्षे अध्ययन झाले, त्यानंतर पंचेचाळीस वर्षे कीर्तनसेवा घडली. चार वर्षांपूर्वी आवाजाने साथ सोडली तेव्हा गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घातली. पायी चालणेही आता होत नाही. वारीत दिंडीच्या ट्रकमध्ये बसून मुक्काम गाठतो. तेव्हा म्हातारपण हा विषय मी पोथीतून नव्हे, गुडघ्यातून शिकतो आहे.

माझी नात पुण्याला बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. गेल्या वैशाखात तिने सांगितले, “आबा, माझी निवड झाली. दोन महिने बंगळुरूला जायचे आहे.” देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दर उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना मोठ्या शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करण्याची संधी देतात, त्यातली ही निवड. विषय काय, तर प्राणी म्हातारे का होतात. ऐकून आनंद झाला, पण पुढचे वाक्य आले, “यंदा वारीला यायला जमणार नाही.”

सहा वर्षे ही मुलगी सासवडपासून फलटणपर्यंत दिंडीत चालत होती. माझा राग अनावर झाला. मी म्हणालो, “ज्याला जरामरण चुकवायचे असेल त्याने पंढरीची वाट धरावी. बंगळुरूला जाऊन देवाचा नियम मोडणार आहेस काय?” तिने मान खाली घातली. थोड्या वेळाने एवढेच म्हणाली, “आबा, मोडायचे दूरच. तो नियम काय आहे, हे अजून कोणाला नीट ठाऊकसुद्धा नाही.” आणि ती गेली.

मी दहा दिवस फोनवर बोललो नाही. अकराव्या दिवशी सौ.ने फोन लावून माझ्या हातात दिला. तेव्हापासून रोज रात्री जेवणानंतर नात आपले दिवसाचे काम सांगे आणि मी ऐके. आधी रुसून, मग कुतूहलाने.

तिचे काम एका किड्यावर होते. मातीत राहणारा, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा, काचेसारखा आरपार दिसणारा. त्याचे शास्त्रीय नाव सी. एलेगन्स. सिडनी ब्रेनर या शास्त्रज्ञाने साठ वर्षांपूर्वी अभ्यासासाठी तो निवडला. त्या कामाबद्दल ब्रेनर यांना दोन सहकाऱ्यांसह २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पूर्ण वाढलेल्या या जिवाच्या शरीरात ९५९ पेशी, बीजपेशी सोडून. एकही कमी नाही, जास्त नाही. आपल्या ताटातली मोहरी त्याच्यापुढे मोठी. पण तो जन्मतो, खातो, अंडी घालतो, थकतो आणि दोन-तीन आठवड्यांत मरतो. माणसाचे म्हातारपण पाहायला सत्तर वर्षे लागतात. याचे दोन महिन्यांत दोन-तीनदा पाहून होते. म्हणून शास्त्रज्ञांनी त्याला धरले.

चायना ग्रासच्या खळीसारख्या थरावर जिवाणूंचे खाद्य पसरायचे, त्यावर हे किडे सोडायचे आणि बशी वीस अंश तापमानाला ठेवायची. रोज सूक्ष्मदर्शकाखाली एकेक किडा पाहून वहीत लिहायचे : किती जिवंत, किती मेले. आज काम नको, पाहुणे आले आहेत, अंगात कणकण आहे, असे म्हणून चालत नाही. किडे कोणासाठी थांबत नाहीत. मी मनात म्हणालो, हा तर नित्यनेम झाला.

१९९३ साली सिंथिया केनियन या शास्त्रज्ञ बाईंनी दाखवले की या किड्याच्या एकाच जनुकात बदल असला तर त्याचे आयुष्य दुपटीहून अधिक होते. त्या जनुकाचे नाव डॅफ-२. पुढे कळले की त्याचे नाते आपल्या शरीरातल्या इन्सुलिनच्या व्यवस्थेशी आहे. त्याआधी म्हातारपण म्हणजे जुन्या गाड्याची झीज, असेच पुष्कळांना वाटे. ते आतूनही कमीजास्त होऊ शकते, हे तेव्हा ठळकपणे पुढे आले.

हे ऐकून मला पहिला आठवला तो चांगदेव. परंपरा सांगते की योगबळाने काळाला चुकवत तो चौदाशे वर्षे जगला. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन तो आळंदीला आला. ज्ञानोबारायांना पाठवायचे पत्र त्याला लिहिता आले नाही, कारण मायना काय घालावा हेच कळेना. वयाने हा मोठा, ज्ञानाने ते मोठे. कोरा कागद पाहून मुक्ताई म्हणाली की इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला. त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून माउलींनी पासष्ट ओव्या लिहिल्या, आणि चौदाशे वर्षांच्या योग्याने लहानग्या मुक्ताईला गुरू केले. माउली स्वतः एकविसाव्या वर्षी समाधिस्थ झाले. तेव्हा आयुष्याची लांबी हे मोठेपणाचे माप नव्हे, हे आपल्या संप्रदायात सातशे वर्षांपूर्वीच ठरून गेले आहे.

मी हे नातीला सुनावले. ती म्हणाली, “आबा, आमच्याकडेही हाच वाद आहे. आयुष्य वाढलेल्या किड्याचा तो वाढीव काळ हिंडण्या-फिरण्यात जातो की नुसता पडून राहण्यात, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. आमचे सर म्हणतात, किती दिवस जगला हे मोजणे सोपे. कसा जगला हे मोजणे अवघड.” मी गप्प झालो. मुक्ताईचा प्रश्न त्या प्रयोगशाळेतही उभा होता.

दुसऱ्या एका बाबतीत मात्र तिने माझाच कान धरला. मी अनेक कीर्तनांत ठणकावून सांगितले आहे की एकादशीचा उपवास आता विज्ञानानेही मान्य केला. तिने समजावले. १९३५ साली अमेरिकेत मॅके नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवले की पोषण पुरे ठेवून अन्न कमी दिले तर उंदीर जास्त जगतात. पण पुढे माकडांवर दोन मोठे प्रयोग झाले. एकात आयुष्य वाढलेले दिसले, दुसऱ्यात दिसले नाही. माणसाचे तर त्याहून गुंतागुंतीचे. आणि साबुदाण्याच्या खिचडीला उंदरांचा दाखला मुळीच लागू पडत नाही! मी हसलो, पण ओशाळलोही. एकादशी आपण पांडुरंगासाठी करतो. तिला उंदरांची साक्ष आणून मी तिचा मान वाढवत नव्हतो, कमी करत होतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. पालखी वाल्ह्याच्या मुक्कामी होती. रात्री तंबूत आम्ही दोघे बसलो होतो. सौ.ही दरवर्षी माझ्याबरोबर असते. नातीचा फोन आला. सौ.ला ऐकू यावे म्हणून मी आवाज मोठा केला. नात सांगत होती :

“आबा, तरुण किडा लाटेसारखा सळसळत जातो. मग त्याची चाल मंदावते. नंतर तो आपण होऊन हलतच नाही. बघणाऱ्याला वाटते मेला. पण तसे लिहायचे नाही, असा आमचा नियम आहे. प्लॅटिनमची केसासारखी तार असते, तिने त्याला अगदी हळू स्पर्श करायचा. पुष्कळदा तो डोके जरासे हलवतो. म्हणजे जिवंत आहे. हात लावून पाहिल्याशिवाय कोणाला मेला म्हणायचे नाही.”

माझ्या शेजारी सौ. इतका वेळ पाय चोळत बसली होती. ती हळूच म्हणाली, “सासूबाईंचे तसेच होते. शेवटी शेवटी बोलत नव्हत्या, डोळे उघडत नव्हत्या. पण हात हातात धरला की बोटे वळवायच्या.”

माउली, माझी आई जाऊन तेव्हा बावीस वर्षे झाली होती. ही गोष्ट मला त्या रात्री पहिल्यांदा कळली.

आई तीन वर्षे अंथरुणाला खिळून होती. त्या तीन वर्षांत माझा एकही सप्ताह चुकला नाही. काल्याची कीर्तने, पुण्यतिथ्या, चातुर्मास, गावोगावची बोलावणी चालू होती. घरी आलो की उंबऱ्याशी उभा राहून सौ.ला विचारी, “काय म्हणते आई?” ती म्हणे, “निजल्यात.” मग मी पडवीत बसून दुसऱ्या दिवशीच्या कीर्तनाची टिपणे काढी. आई निजली आहे की जागी आहे, हे मी कधी जवळ बसून, हात लावून पाहिले नाही. आणि याच काळात मी पुंडलिकाचा दृष्टांत इतक्या वेळा सांगितला, की लोक खास त्यासाठी बोलावीत. साक्षात परब्रह्म दारात आले तरी आईबापांचे पाय चेपणे ज्याने सोडले नाही आणि देवाला वीट देऊन थांबवले, त्या पुंडलिकाची कथा सांगताना श्रोत्यांच्या डोळ्यांना धारा लागत. माझ्याही लागत. आणि घरी आई एकाच्या हातात बोटे वळवीत होती, ती माझ्या हातात वळवू शकली नाही, कारण माझा हात तिथे नव्हता.

त्या रात्री झोप आली नाही. तंबूबाहेर कोणी तरी हरिपाठ म्हणत होते. मनात आला तो ययाती. त्याच्यावर अवेळी म्हातारपण आले, ते त्याने मुलाला दिले आणि पुरूचे तारुण्य स्वतः भोगले. कीर्तनात मी ययातीला फार झोडपले आहे. पण त्याने निदान मागून घेतले, आणि पुढे आपली चूक ओळखून तारुण्य परतही केले. मी तर न मागताच घेतले. आईचे म्हातारपण माझ्या वाट्याचे होते. ते मी सौ.च्या अंगावर टाकले आणि त्याला हरिसेवा असे नाव दिले. ती पंचेचाळिशीची होती. आईला कूस बदलून देता देता तिची कंबर गेली, गुडघे गेले. माझी वीणा तिच्या कमरेवर उभी होती.

यावरून मुख्य शंकेचे समाधान मला जसे सुचले तसे सांगतो. अधिकारी सज्जनांनी चूक दाखवावी.

पहिला आक्षेप असा, की जरा हा ईश्वरी नियम आहे, त्याचा शोध घेणे म्हणजे ईश्वराशी झुंज. हा आक्षेप टिकत नाही. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतले दुःख आणि दोष पुन्हा पुन्हा पाहणे, हे एक लक्षण सांगितले आहे. माउलींनी तिथे थांबून म्हातारपणाचे सविस्तर वर्णन केले आहे. अवयवांची दशा काय होईल, घरची माणसे कशी कंटाळतील, हे सारे ज्ञानी पुरुष तारुण्यातच पाहून ठेवतो आणि इंद्रिये धड आहेत तोवर त्यांच्याकडून सत्कर्म करून घेतो. म्हणजे जरेकडे पाठ फिरवा असे माउली म्हणत नाहीत, डोळे उघडून पाहा म्हणतात. मी त्या ओव्यांवर चाळीस वर्षे निरूपण केले आणि घरातली जरा पाहिली नाही. विशीतली पोर रोज सकाळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ती पाहत होती. दोघांत तेरावा अध्याय कोणी अधिक वाचला?

तिने एक नवल सांगितले. एकाच कुळीचे, एकाच जनुकांचे, एकाच बशीतले, एकच अन्न खाणारे किडे. तरी एक दहाव्या दिवशी जातो, दुसरा पंचविसाव्या. मी घाईने म्हणालो, “प्रारब्ध!” ती म्हणाली, “आम्ही योगायोग म्हणतो. म्हणजे कारण सापडलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.” जिथे कळत नाही तिथे नम्रपणे थांबणे ही भक्तीची रीत आहे. ती तिकडेही पाळतात हे ऐकून बरे वाटले.

दुसरा आक्षेप हिंसेचा. मी तिला स्पष्ट विचारले. ती म्हणाली, “ज्यांचे आयुष्य मोजतो त्यांना मारत नाही, ते आपल्या मरणाने मरतात. पण त्यांची पिल्ले त्यांच्यात मिसळू नयेत म्हणून मोठ्यांना रोज नव्या बशीत हलवावे लागते, आणि जुनी बशी पिल्लांसकट नष्ट करावी लागते. मला ते खुपते, आबा.” याचे पूर्ण समाधान माझ्यापाशी नाही. नांगराच्या फाळाखालीही जीव जातात, हे खरे. पण शेतकऱ्याला ते दिसत नाहीत आणि हिला दिसतात. मी एवढेच म्हणालो, “ज्या दिवशी खुपायचे थांबेल, त्या दिवशी मला सांग. तोवर काम कर.”

तिसरा आक्षेप सर्वांत खरा : हा शोध शेवटी चांगदेवाच्याच वाटेने जाणार नाही काय? जाऊ शकतो. मरणाच्या भीतीने, भोग संपू नयेत म्हणून, पैसेवाल्याला आणखी पन्नास वर्षे मिळावीत म्हणून कोणी हे करील, तर तो चांगदेव आणि ययाती दोन्ही होईल. चांगदेव, कारण कागद कोराच राहील. ययाती, कारण त्याच्या लांबलेल्या तारुण्याचे मोल दुसराच कोणी तरी भरेल. पण हाच शोध दुसऱ्याही वाटेने जाऊ शकतो. म्हाताऱ्याला स्वतःच्या पायाने मोरीपर्यंत जाता यावे, नातवाचे नाव आठवावे, आणि कुण्या सुनेची कंबर त्यात जाऊ नये, यासाठी जर कोणी दिवसरात्र खपत असेल, तर ते पाय चेपण्याचेच काम आहे. ती वाट पुंडलिकाची. परीक्षा एकच : हा शोध कोणाचे ओझे हलके करतो आणि कोणावर टाकतो?

हे प्रयोगशाळेपुरते नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठीच्या पुढची माणसे दहा कोटींहून अधिक होती. आणि आईबापांना मुलांनी पोसावे यासाठी २००७ साली सरकारला कायदा करावा लागला. ज्या भूमीत पुंडलिक झाला त्या भूमीत! मग किड्यांवर काम करणाऱ्या पोरीला अधर्म कोणत्या तोंडाने विचारावा?

आणि एक गोष्ट शास्त्रज्ञांच्या हाती नाही, हेही सांगितले पाहिजे. उद्या औषध निघाले आणि माणसाला दहा वर्षे धडधाकट मिळाली, तरी शेवटचा दिवस आहेच. त्या दिवशी उशाशी कोण बसेल, हात कोण धरील, हे कोणतेही औषध ठरवणार नाही. ते आपणच ठरवायचे आहे. ती दहा वर्षे मिळाली तर त्यांत नाम किती घेतले, हाही प्रश्न आपलाच.

नातीचे दोन महिने आषाढीनंतर संपले. वद्य एकादशीला मी, सौ. आणि ती असे तिघे पंढरपूरला गेलो. गर्दी कमी होती. चंद्रभागेच्या वाळवंटात आधी पुंडलिकाचे दर्शन घेतले. मग राउळात पांडुरंगाच्या पायांवर डोके ठेवले. आपला देव हात लावू देतो, पाय धरू देतो. किती वेळा ते पाय धरले असतील, पण त्या दिवशी हात जरा जास्त थांबला. मागचा सेवेकरी “चला माउली, चला” म्हणाला तेव्हा भानावर आलो.

नातीला मी बोललो होतो त्या शब्दांची क्षमा मागितली. ती म्हणाली, “आबा, पुढच्या वर्षी मी येणार आहे.” मी म्हणालो, “काम असेल तर येऊ नकोस. पण रोज फोन कर.”

हल्ली संध्याकाळी हरिपाठ झाला की सौ.च्या गुडघ्यांना तेल चोळून देतो. पहिल्या दिवशी ती संकोचली, “हे काय भलतेच!” म्हणाली. आता पाय पुढे करते. आईचे राहून गेलेले यातून फिटत नाही, हे मला ठाऊक आहे.

वाचक माउलींना प्रार्थना एवढीच. पुढची वारी करून घरी जाल, तेव्हा घरात कोणी म्हातारे माणूस डोळे मिटून पडलेले असेल, तर उंबऱ्यावरून विचारू नका. आत जा, जवळ बसा, हात हातात घ्या. निजले आहे की जागे आहे, हे हात लावून पाहा.

॥ राम कृष्ण हरि ॥